रोज कोर्टाची पायरी चढणाऱ्यांचे काय?

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे मराठी माणूस पिढ्यान्‌पिढ्या सांगत आला आहे. हा सल्ला अर्थातच पक्षकारासाठी. पोटासाठी ज्याला ती पायरी रोज चढावी लागते, त्या वकिलाच्या मनःस्वास्थ्याचा विचार ना समाजाने केला, ना खुद्द वकिली व्यवसायाने. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २०२५ मध्ये २५ जुलै हा दिवस न्यायाधीशांच्या स्वास्थ्यासाठी जाहीर केला, तेव्हा निदान न्यायासनापुरती तरी या प्रश्नाला वाचा फुटली. न्यायासनासमोर उभ्या असलेल्या काळ्या कोटाची पाळी अद्याप यायची आहे.

प्रश्न काल्पनिक नाही. अमेरिकेत सुमारे तेरा हजार वकिलांची पाहणी करून २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात २८ टक्के वकिलांमध्ये नैराश्याची लक्षणे आढळली आणि पाचातील एकाचे मद्यपान धोक्याच्या पातळीवर असल्याचे दिसले. इंटरनॅशनल बार असोसिएशनच्या २०२१ च्या जागतिक अहवालात ४१ टक्के वकिलांनी सांगितले, की मनाच्या त्रासाविषयी वरिष्ठांशी बोलल्यास आपल्या कारकिर्दीला धक्का बसेल, अशी भीती त्यांना वाटते.

आपल्याकडे या ताणाला आणखी काही पदर आहेत. देशातील न्यायालयांत पाच कोटींहून अधिक प्रकरणे प्रलंबित आहेत. हा आकडा न्यायव्यवस्थेच्या अपयशाचा म्हणून नेहमी दिला जातो. पण त्या प्रत्येक तारखेमागे अशिलाला तोंड देणारा एक वकील असतो, हे कोणी ध्यानात घेत नाही. रात्र जागून तयारी करावी, सकाळी बोर्डावर प्रकरण खाली असावे, दिवस संपावा आणि पुढची तारीख पडावी. विलंब व्यवस्थेचा, पण त्याचा राग निघतो तो समोर दिसणाऱ्या वकिलावर. बालकांवरील अत्याचाराची किंवा खुनाची प्रकरणे चालवणाऱ्यांची तर गोष्टच वेगळी. पीडित मुलाचा जबाब, शवविच्छेदनाचा अहवाल, छायाचित्रे हे सारे पुनःपुन्हा वाचून त्यावर उलटतपासणी बेतायची आणि संध्याकाळी घरी जाऊन स्वतःच्या मुलाचा अभ्यास घ्यायचा. या दुसऱ्याच्या दुःखाचा मनावर साचणारा थर धुऊन काढण्याची कोणतीही सोय व्यवसायात नाही.

सर्वाधिक होरपळतो तो कनिष्ठ वकील. सनद घेण्याचे शुल्क कायद्याने ठरवून दिलेल्या रकमेपलीकडे आकारता येणार नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने ३० जुलै २०२४ रोजी दिला. दार स्वस्त झाले. आतली पहिली काही वर्षे मात्र तशीच राहिली. बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४ मध्ये परिपत्रक काढून कनिष्ठांना शहरात दरमहा किमान २० हजार आणि ग्रामीण भागात १५ हजार रुपये विद्यावेतन द्यावे, असे सुचवले. सुचवले, बंधनकारक केले नाही. 'शिकायला मिळते आहे ना, मग पैसे कसले?' हा सूर चेंबरांमधून अजून गेलेला नाही. आपण लोकलने फिरलो, वडापावावर दिवस काढले, असे ज्येष्ठ अभिमानाने सांगतात, आणि ते खरेही असते. परंतु मुंबई-पुण्यातील आजचे घरभाडे त्या आठवणींना ओळखत नाही. त्यातच २० मे २०२५ च्या निकालाने दिवाणी न्यायाधीशपदाच्या परीक्षेसाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा घातली. अनुभवाचा आग्रह रास्तच. पण ही तीन वर्षे घरच्या पैशांवर कोण काढू शकतो, हा प्रश्न त्या निकालाने अधिक टोकदार केला.

या साऱ्याच्या मुळाशी एक साधी गोष्ट आहे. स्वतंत्र वकिली करणाऱ्याला मालक नसतो. कनिष्ठ हा ज्येष्ठाचा नोकर नव्हे, असे मानले जाते. त्यामुळे कामाचे तास, हक्काची रजा, आजारपणाचा पगार, तक्रारीची जागा यांपैकी काहीच नाही. कामगाराच्या हक्कांसाठी तासन्‌तास युक्तिवाद करणारा माणूस स्वतः त्या कक्षेच्या बाहेर उभा असतो.

उपचाराचा हक्क २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने प्रत्येकाला दिला आहे. १४४१६ या क्रमांकावरची टेलिमानस सेवा २०२२ पासून विनामूल्य आहे. तरीही वकील तिकडे वळायला कचरतो, कारण बार रूम हे एक छोटे गावच असते. तालुका न्यायालयात तर अधिकच. 'अमुक वकील डॉक्टरकडे जातो' ही बातमी अशिलापर्यंत आणि विरुद्ध पक्षापर्यंत पोहोचायला वेळ लागत नाही. म्हणूनच तारीख मागणाऱ्या अर्जात नैराश्य लिहिले जात नाही, ताप लिहिला जातो.

अमेरिकेतील राज्यांनी ही भीती ओळखून वकिलांसाठी स्वतंत्र साहाय्य योजना उभारल्या. तेथील बार असोसिएशनच्या आदर्श नियमांनुसार, अशा योजनेत कळलेली माहिती शिस्तभंगाच्या तक्रारीसाठी उघड करण्याचे बंधन राहत नाही. ब्रिटनमध्ये 'लॉकेअर' ही संस्था हेच काम गोपनीयता राखून करते. महाराष्ट्रात वकील कल्याण निधीचा कायदा १९८१ पासून आहे आणि वकीलपत्रावर त्या निधीचे तिकीट लावले जाते. निधीचा मुख्य रोख व्यवसाय सोडणाऱ्या वकिलाकडे किंवा मृत वकिलाच्या वारसांकडे आहे. त्यातलाच एक वाटा बार असोसिएशनच्या बाहेरच्या समुपदेशकांना द्यावा, आणि भेटीची नोंद कौन्सिलकडे येणार नाही असे नियमातच लिहावे, एवढ्याने सुरुवात होऊ शकते. पण कनिष्ठाच्या विद्यावेतनाचा प्रश्न सोडून केवळ समुपदेशनाचे फलक लावले, तर दुपारच्या जेवणाचे पैसे वाचवणारा तरुण वकील त्या फलकाखालून पुढच्या कोर्टाकडे निघून जाईल.