तिसरा कोनही मोजा

दोन कोन माहीत असले की तिसरा काढायला आपल्याला पाच सेकंद पुरतात. १८० मधून वजा केले की झाले! ही सवय हाताला इतकी बसली आहे की ती फक्त सपाट कागदावर खरी ठरते, हे आपण विसरतो. आपली पृथ्वी गोल आहे. म्हणून माझे म्हणणे असे, की नकाशावाचनाच्या तासाला प्रत्येक कॅडेटला एकदा तरी गोलावरचा त्रिकोण सोडवायला द्यावा.

खात्री करायची असेल तर एक जुना व्हॉलीबॉल घ्या. त्यावर खडूने मध्यरेषा आखा. वरच्या टोकापासून तिच्यापर्यंत एक सरळ रेघ ओढा, पाव फेरा सोडून दुसरी ओढा. तयार झालेल्या त्रिकोणाचे तिन्ही कोन काटकोन आहेत. बेरीज २७० अंश!

१८० च्या वरचा हा वाढावा त्रिकोणाच्या क्षेत्रफळाबरोबर वाढतो. पृथ्वीवर १००० चौरस किलोमीटरच्या त्रिकोणात तो अंशाच्या हिशेबात जेमतेम ५ सेकंद असतो. पण रायपूर, मुंबई आणि दिल्ली जोडली तर अर्ध्या अंशाहून जास्त होतो. तिथे रायपूरचा कोन काढताना वजाबाकी चालत नाही. तिन्ही अंतरे पृथ्वीच्या केंद्राशी होणाऱ्या कोनांत बदलून गोलाचे सूत्र वापरावे लागते.

भारत मोजणाऱ्यांना हे टाळता आले नाही. विल्यम लँबटन यांनी १८०२ साली मद्रासजवळ पायारेषा मोजली आणि त्रिकोणाला त्रिकोण जोडत ते उत्तरेकडे सरकले. १८२३ साली नागपूरच्या अलीकडे, आजच्या वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला त्यांचे निधन झाले. पुढे १८३१ साली या सर्वेक्षणात राधानाथ सिकदार दाखल झाले, ते गोलीय त्रिकोणमितीच्या ज्ञानामुळेच. तेव्हा त्यांनी विशीही गाठली नव्हती. एव्हरेस्टच्या उंचीच्या गणितात त्यांचा मोठा वाटा आहे.

अशा सर्वेक्षणात शक्य तिथे तिन्ही कोन मोजतात. बेरजेतून १८० आणि गोलाईचा वाढावा वजा केला की उरते ती मोजणीतली चूक. वाढावा माहीत नसेल तर पृथ्वीच्या गोलाईचे खापर दुर्बिणीपाशी उभ्या असलेल्या माणसावर फुटते. तिसरा कोन मोजलाच नाही, तर खरी चूक दिसतच नाही. मला यात गणिताइतकाच शिस्तीचा धडा दिसतो.

काही मित्र म्हणतात, "जीपीएस असताना हे कशाला? बोर्डात तर विचारत नाहीत." जीपीएस सगळे गणित करते, हे खरे. पण त्याचे संकेत जॅम करता येतात, आणि पडद्यावरचा आकडा शक्य आहे की नाही, हे शेवटी अधिकाऱ्यालाच ओळखावे लागते. शिवाय आपल्या मैदानावरच्या सरावात हा वाढावा सोडून दिला तरी काही बिघडत नाही. कुठे सोडायचा आणि कुठे नाही, हे कळणे म्हणजेच विषय समजणे.

शिक्षकांना माझी विनंती आहे, की दहावीच्या त्रिकोणमितीनंतर यासाठी फक्त एक तास द्यावा. गुण नकोत, परीक्षा नको. एक चेंडू, एक दोरा आणि खडू एवढे पुरे.