वीज आणि व्यायाम

घोडेगावहून भीमाशंकरकडे जाताना शिनोली लागते. या पट्ट्यात एखाद्या कर्त्या माणसाच्या अंगावरून वारे गेले की त्या घराचाच एक हात जातो. विळा धरणारी, हिरडा वेचणारी बोटे मिटून राहतात आणि ‘जीव तर वाचला’ या समाधानावर रुग्ण खाटेला खिळतो.

पक्षाघात हा शहरी सुखवस्तूंचा रोग, हा समज गडचिरोलीतील ‘सर्च’ संस्थेच्या पाहणीने केव्हाच खोटा ठरवला आहे. २०११ ते २०१३ या काळात तेथील ८६ खेड्यांत झालेल्या दर सात मृत्यूंपैकी एक पक्षाघाताचा होता. जे वाचतात, त्यांचे पुढे काय, हा खरा प्रश्न आहे.

मेंदूला विजेचे सौम्य उत्तेजन देऊन निकामी हात चालता करण्याच्या प्रयोगांकडे म्हणूनच आशेने पाहिले जाते. परंतु या प्रयोगांनी दिलेला धडा नीट वाचला पाहिजे. कवटी उघडून मेंदूच्या आवरणावर विद्युत्‌-अग्र बसवण्याच्या अमेरिकेतील मोठ्या चाचणीत, केवळ व्यायाम करणाऱ्या रुग्णांपेक्षा अधिक लाभ झाला नाही, हे २००८ साली स्पष्ट झाले. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या चाचणीत १०८ रुग्ण होते. तीत मानेतील मज्जातंतूला व्यायामाच्या प्रत्येक हालचालीबरोबर विजेचा क्षणिक स्पंद दिला गेला. तीन महिन्यांनी शंभरांतील सत्तेचाळीस जणांच्या हातात ठळक सुधारणा दिसली. नुसत्या व्यायामाने ती चोविसांत दिसली. म्हणजे वीज व्यायामाची जागा घेत नाही. तिचा उपयोग झालाच, तर व्यायामाच्या जोडीनेच होतो. एकच हालचाल शेकडो वेळा केल्यावर मेंदूचा शाबूत भाग हरपलेले काम पुन्हा शिकतो. घाम रुग्णालाच गाळावा लागतो.

महागडे यंत्र शिनोलीत उद्या पोहोचणार नाही. पण व्यायाम आज पोहोचू शकतो. त्यासाठी भौतिकोपचार तज्ज्ञाची गावोगावी नियमित फेरी हवी, घरातील एकाला तरी व्यायाम शिकवला गेला पाहिजे आणि ‘आता काही होणार नाही’ हे वाक्य घरातून हद्दपार झाले पाहिजे. शासनाने तज्ज्ञ द्यावा. तरुण मंडळांनी रुग्णाला त्याच्यापर्यंत नेण्याची आणि व्यायामात खंड पडू न देण्याची जबाबदारी उचलावी. ज्याचा हात मिटला आहे, त्याच्यासाठी समाजाने तरी हाताची घडी घालून बसू नये.