बिनशेपटीचा उंदीर

गणपतीच्या दिवसांत कोकणातल्या घरी उंदीर यायचाच. देव आला की वाहन आलेच. परंतु गेल्या वर्षी आमच्या तळ्याच्या घरी चतुर्थीच्या आठ दिवस आधी जो उंदीर आला, तो कॅनडाहून आला, पांढरा शुभ्र होता आणि त्याला शेपटी नव्हती.

माझ्या पुतण्याने तो आपल्या वडिलांसाठी, म्हणजे आमच्या दादासाठी, कुणा येणाऱ्याबरोबर धाडला होता. दादा निवृत्त मास्तर. तळगडाच्या पायथ्याशी राहून त्याने उभी हयात खडूवर काढली. पुरंदरच्या तहात, १६६५ साली, महाराजांनी जे बारा किल्ले स्वतःकडे राखले त्यांत आमचा तळगड होता, हे तो कोणत्याही पाहुण्याला चहा येण्याआधी सांगतो. अलीकडे त्याने संगणक घेतला आहे आणि गावच्या आठवणी त्यावर तो एका बोटाने टंकतो.

वाचकहो, या यंत्राला उंदीर का म्हणतात ठाऊक आहे ना? अमेरिकेत डग्लस एंगेलबार्ट नावाच्या गृहस्थांनी ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या एका सभेत तो प्रथम लोकांना करून दाखवला. त्याचा सर्वांत पहिला नमुना म्हणजे एक लाकडी ठोकळा होता, खाली दोन चाके आणि मागे वायर. त्या वायरीवरून उंदीर. आता वायर गेली, चाके गेली. उरली ती नुसती गुळगुळीत पाठ. त्या पाठीवरून बोट फिरवले की पडद्यावरचे पान सरकते. २००९ साली अ‍ॅपलने असा उंदीर काढला, २०११ साली मायक्रोसॉफ्टने. आमच्याकडे आला तो कोणाचा, हे मी सांगणार नाही; कारण पुढे त्याची थोडी निंदा व्हायची आहे.

पहिल्या दिवशी उंदीर हलेचना. दादाच्या टेबलावर काच, काचेखाली शाळेचे फोटो, लग्नपत्रिका आणि एक दोनची नोट, हे तुम्ही ओळखलेच असेल. या उंदराच्या पोटात एक बारका डोळा असतो. तो खालच्या पृष्ठभागाची दर सेकंदाला शेकड्यांनी चित्रे टिपतो आणि चित्र किती सरकले यावरून आपण किती सरकलो ते ठरवतो. स्वच्छ काचेवर त्याला दिसणार काय? शेवटी वहिनींनी कालनिर्णयचे एक जुने पान काचेवर अंथरले आणि उंदीर संकष्टीपासून एकादशीपर्यंत सुरेख धावू लागला.

दुसऱ्या दिवशी त्याचे पेन्सिल सेल संपले. त्याला दोन लागतात. पाऊस असा की दुकानापर्यंत जाणे म्हणजे पोहणे. दादाने एक सेल ओटीवरच्या घड्याळातला काढला, दुसरा स्वयंपाकघरातल्या. ओटीवर सव्वाचार वाजले ते वाजलेच, आणि वहिनींचा कुकर त्या दिवशी अंदाजाने शिजला. तिसऱ्या दिवशी वहिनींनी नारळ खवता खवता, ओल्या बोटांनी, "बघू तरी" म्हणून त्याला शिवून पाहिले, तर पान एकदम असे मोठे झाले की पडद्यावर एकच 'क' मावला. या यंत्राच्या पाठीखाली विजेचे अगदी मंद क्षेत्र असते. बोट आले की ते बदलते, आणि तेवढ्यावरून बोट कुठे आहे ते त्याला कळते. पाणी लागले की त्याचा गोंधळ होतो. भाद्रपदातल्या कोकणात कोरडे काय असते, हे कॅनडाला कोणी सांगायचे?

इथपर्यंत गंमतच होती. मी चतुर्थीच्या आदल्या दिवशी पोचलो तेव्हा मात्र दादा उंदरावर खराच संतापलेला होता.

"हा आपोआप चालतो," तो म्हणाला. "मी काही केलं नाही तरी पान पळतं. काल लिहिलेलं कुठल्या कुठे गेलं."

मी बसून पाहिले. उंदीर गाईसारखा गरीब. पान जिथल्या तिथे. कॅनडाला फोन लावला. पुतण्या म्हणाला, "काका, पाठीवरचं सरकवणं बंद करता येतं, सेटिंगमध्ये जा." पण मी सेटिंगमध्ये गेलो नाही. मी म्हटले, "दादा, तू बस. मी मागे उभा राहतो."

दादाने उंदीर हलवला. बाण सरळ गेला. त्याने कळ दाबली. बरोबर दाबली गेली. मग तो वाचायला थांबला, हात उंदरावर नुसता टेकलेला, आणि पान पळू लागले. वर, खाली, वर. मी पडद्याकडे पाहायचे सोडून त्याच्या हाताकडे पाहिले. अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर हलत होती, बारीक, एका लयीत, तळहातावर तंबाखू मळावी तशी. दादाने जन्मात तंबाखू खाल्लेली नाही.

दर वर्षी गणपतीला या म्हणून दादाचे पोस्टकार्ड येते. गेली दोनतीन वर्षे त्यातले अक्षर लहान लहान होत चालले होते. ओळीच्या शेवटी तर मुंगीएवढे. फळ्यावर वीतभर अक्षर काढणारा हा मास्तर! आणि मी ते कार्ड घरात दाखवून हसलो होतो, की पाहा, दादा म्हातारपणी काटकसरी झाला.

स्वयंपाकघरात जाऊन वहिनींना हळूच विचारले. त्या मोदकाची पारी वळत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "भावजी, दोन वर्षं झाली, मी त्यांचा चहाचा कप अर्धाच भरते. सदऱ्याची बटणं मीच लावते. तुम्हाला सांगू नको म्हणाले."

घरात सगळ्यांना कळले होते आणि कोणी कोणाशी बोलले नव्हते. बोलला तो उंदीर.

दादाला मुंबईला नेणे हे पुरंदरच्या तहाहून अवघड गेले. "मला काही झालेलं नाही, तो उंदीर बिघडलाय," हे एकच वाक्य त्याने आठ दिवस चालवले. अखेर डॉक्टरांनी त्याला एक ओळ लिहायला लावली, बोटे एकमेकांवर आपटायला लावली, खोलीत चालवून पाहिले आणि निदान सांगितले: पार्किन्सन. लंडनच्या जेम्स पार्किन्सन या डॉक्टरांनी १८१७ साली या रोगावर पहिला निबंध लिहिला. यातला कंप पुष्कळदा हात स्वस्थ असताना येतो आणि काम करताना कमी होतो. म्हणून तर उंदीर हलवताना काही दिसत नव्हते. प्रत्येक थरथर म्हणजे हाच रोग नव्हे, हेही डॉक्टरांनी बजावले. हा समूळ जात नाही, पण औषधाने आणि व्यायामाने माणूस पुष्कळ वर्षे आपले आपण करू शकतो.

औषधाचे नाव लेव्होडोपा. डॉक्टर बोलके होते. म्हणाले, हेच द्रव्य खाजकुयलीच्या बियांत असते. मद्रासच्या संशोधकांनी १९३७ साली ते त्यातून वेगळे काढले होते. मात्र तुम्ही डोंगरावरून बिया आणून कुटून खाऊ नका, मात्रा हाताबाहेर जाते. तोपर्यंत गप्प बसलेला दादा एकदम हसला. कोकणातल्या प्रत्येक मास्तराच्या खुर्चीवर एकदा तरी खाजकुयली पडलेली असते.

"त्या कार्ट्याला मी उगाच बडवलं," तो म्हणाला. "औषधच आणून देत होता."

परत जाताना मी त्याला वायरवाला, चाकवाला, साधा माऊस घेऊन दिला. हात टेकला तरी पान हलत नाही. पांढरा उंदीर वहिनींकडे गेला. त्या बोटे पुसून त्यावर नातवाचे फोटो पाहतात.

यंदाचे निमंत्रण टंकून आले. मजकूर असा: "चतुर्थीच्या आधी ये. उंदीर दोन आहेत, दोघेही बरे. येताना पेन्सिल सेल आण, दोन्ही घड्याळे बंद आहेत." खाली सही हाताने केलेली आहे. शेवटचे अक्षर जरा बारीक आहे, पण चष्मा न लावता वाचता येते.