मिसवाक, ब्रश आणि अम्मीचा झिजलेला ब्रश

गेल्या रमजानमध्ये तरावीहनंतर मशिदीच्या पायरीवर एक वाद ऐकला. एक बुजुर्ग एका तरुणाला मिसवाकची सुन्नत समजावत होते. तरुण म्हणत होता, "चाचा, आता ब्रशचा जमाना आहे." दोघेही मागे हटेनात. मी मात्र दोघांच्या दातांकडे बघत होतो. चाचांच्या हिरड्या सरकून मुळं उघडी पडलेली, तर तरुणाच्या दातांवर गुटख्याचे डाग. वाद साधनाचा चालला होता आणि दात दोघांचेही चालले होते.

उम्मतवर भार पडेल असं वाटलं नसतं तर प्रत्येक नमाजेच्या वेळी मिसवाकचा हुकूम दिला असता, या आशयाची हदीस बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. दिवसातून इतक्या वेळा तोंड स्वच्छ करण्याचा आग्रह धरणारा धर्म आपला आहे. पण आपण त्यातली काडी घट्ट धरली आणि स्वच्छता सोडून दिली. अरबस्तानात पीलूचं झाड हाताशी होतं, आपल्याकडे कडुनिंब आणि बाभूळ होती. माझ्या मते सुन्नतचा गाभा स्वच्छ तोंड हा आहे.

जुन्या लोकांच्या मनात ब्रशविषयी अढी होती, तीही उगाच नव्हती. पूर्वीचे ब्रश बहुधा डुकराच्या राठ केसांचे असत. 1938 साली अमेरिकेत नायलॉनच्या केसांचा ब्रश विक्रीला आला. आज दुकानात मिळतो तो ब्रश नायलॉनसारख्या कृत्रिम धाग्यांचाच असतो. अढीचं कारण संपलं, अढी तेवढी राहिली.

आता आमच्या घरातली गोष्ट. अब्बा दुकानात नेहमी "हार्ड" ब्रश मागायचे. कडक ब्रशने दात जास्त साफ होतात, अशी त्यांची खात्री होती. ताकद लावून आडवे घासायचे. साठीत पाण्याचा घोट घेतला तरी कळ जायची. दातांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "चाचा, तुमचे दात किडलेले नाहीत. तुम्ही ते घासून झिजवलेत." हिरडीजवळ दातांना खाचा पडल्या होत्या. रोज इमानदारीने दात घासणाऱ्या माणसाला हे ऐकावं लागलं, याचं मला फार वाईट वाटलं.

म्हणून ब्रश घेताना पहिली गोष्ट बघा, पाकिटावर "सॉफ्ट" लिहिलेलं हवं. दातांवर रोज बसणारा थर मऊच असतो, तो मऊ ब्रशने निघतो. घट्ट झालेलं किटण कोणत्याच ब्रशने निघत नाही, ते डॉक्टरांकडूनच काढून घ्यावं लागतं. ब्रशचं डोकं लहान हवं, म्हणजे तो शेवटच्या दाढेमागे पोहोचतो. हात थरथरणाऱ्या म्हाताऱ्यांसाठी जाड दांड्याचा घ्या, किंवा दांड्याला कापड गुंडाळून द्या. पक्षाघात किंवा संधिवात असेल तर परवडल्यास बॅटरीचा ब्रश उपयोगी पडतो. बाकीच्यांना साधा ब्रश पुरतो. ब्रश हिरडीकडे तिरका धरून हलक्या हाताने दोन मिनिटं घासा, आणि रात्री झोपण्यापूर्वी चुकवू नका. तीन-चार महिन्यांनी, किंवा केस फाकले की त्याआधीच, ब्रश बदला.

मिसवाक सोडा असं मी म्हणत नाही. वुजूच्या वेळी जरूर करा, फक्त टोकाचे जुने धागे कापून टाकत जा. पण दाढांच्या आतल्या बाजूला काडी नीट पोहोचत नाही. तिथे ब्रश आणि फ्लोराइडची पेस्ट लागतेच. रमजानमध्ये सहरीनंतर, फजरच्या अजानपूर्वी ब्रश करायला कोणाची मनाई आहे? रोजा असताना दुपारनंतर मिसवाक करावी की नाही, यावर शाफई आणि हनफी मतांत फरक आहे, पण रात्री ब्रश करण्यावर काही वाद नाही.

आणि एक गोष्ट आपण बोलतच नाही, ती म्हणजे मिश्री. आमच्या अम्मीच्या पिढीतल्या कितीतरी बायका, हिंदू असोत की मुस्लिम, भाजलेल्या तंबाखूची ही पूड दातांना लावत आल्या. दात साफ होतात, दुखणं थांबतं, असं म्हणत त्या व्यसनात अडकल्या. तंबाखूने तोंडाचा कॅन्सर होतो. तिथे ब्रशच्या निवडीचा प्रश्नच उरत नाही, आधी मिश्री सुटली पाहिजे.

अब्बांच्या दवाखान्याच्या फेरीनंतर मी घरातल्या सगळ्यांसाठी नवे ब्रश आणले. जुने फेकताना अम्मीचा ब्रश हातात आला. केस चारी बाजूंना आडवे पडलेले. विचारलं तर म्हणाली, "अजून चालतोय की रे." मुलांचे ब्रश वेळेवर बदलणाऱ्या त्या बाईने स्वतःचा कधी बदलला होता, तिलाही आठवत नव्हतं, आणि मलाही ते कधी दिसलं नव्हतं.

मशिदीच्या पायरीवर मिसवाक की ब्रश हा वाद घालण्याआधी आपण आपल्या घरातला हा एक ब्रश बघून यावा.