दारे मिटण्याआधी

संगमेश्वर तालुक्यातील कोणत्याही ग्रामदेवतेच्या देवळात वर्षातून काही वेळा गाऱ्हाणे घातले जाते. देवापुढे नारळ ठेवलेला असतो. गुरव किंवा गावचा मानकरी पुढे होतो, गावच्या आणि शिवेवरच्या देवांची नावे घेतो आणि साऱ्या गावाच्या वतीने विनवतो, की लेकरांकडून वर्षभरात काही चुकले असेल, रीतीभातीत कमी-अधिक झाले असेल, तर ते पोटात घाल. मागे उभा असलेला गाव एका सुरात 'व्हय महाराजा' म्हणतो. ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा यावा असा तो क्षण असतो.

त्याच गर्दीत पुष्कळदा दोन चुलतभाऊ उभे असतात. दोघांचेही हात जोडलेले, दोघांच्याही तोंडी 'व्हय महाराजा'. मात्र घरांमधला गडगा हातभर इकडे की तिकडे, यावरून दोघांमध्ये कित्येक वर्षे शब्द नाही. देवरुखच्या न्यायालयात तारखा पडत असतात. एकाच्या घरचे लग्न दुसऱ्याला तिसऱ्याकडून कळते. देवाची क्षमा मागून दोघेही वेगवेगळ्या वाटांनी घरी जातात आणि यात काही विसंगत आहे, असे दोघांपैकी एकालाही वाटत नाही.

हे चित्र संगमेश्वरपुरते नाही. शास्त्री आणि सोनवी जेथे एकमेकींना मिळतात, जेथे कर्णेश्वराचे पुरातन मंदिर उभे आहे आणि जेथे १६८९ च्या फेब्रुवारीत छत्रपती संभाजी महाराज शत्रूच्या हाती सापडले, त्या भूमीला भाऊबंदकीची किंमत कोणी वेगळी सांगायला नको. पण भाऊबंदकी घाटावरही आहे, शहरातल्या सोसायट्यांतही आहे. प्रश्न भांडणाचा नाहीच. माणसे एकत्र राहिली की भांडणार. प्रश्न आहे तो भांडण मिटवण्याची रीत आपल्यापाशी आहे का, हा. आणि या प्रश्नाचे एक उत्तर याच कोकणच्या उत्तर टोकाला, आपल्याच शेजारात, शतकानुशतके नांदत होते.

अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यावर फार प्राचीन काळी एक गलबत फुटले आणि त्यातून सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या, अशी बेने इस्रायल समाजाची परंपरागत कथा आहे. काळाविषयी विद्वानांत मतभेद आहेत. पण हे लोक कोकणात रुजले, मराठी बोलू लागले, गावांवरून किहीमकर, रोहेकर, पेणकर, नवगावकर, दिवेकर झाले, याविषयी वाद नाही. तेलघाणी हा त्यांचा धंदा. शनिवारी घाणी बंद ठेवत, म्हणून गावाने त्यांना 'शनवार तेली' हे नाव दिले. हिब्रू ते बव्हंशी विसरले होते, ग्रंथ हाताशी नव्हते, जगातल्या अन्य ज्यूंशी संबंध उरला नव्हता. तरी शनिवारची विश्रांती, मुलग्यांची सुंता, खाण्यापिण्याचे निर्बंध आणि 'शेमा' ही एक प्रार्थना त्यांनी सोडली नाही. युरोपात ज्यूंच्या वस्त्या जाळल्या जात असताना कोकणातल्या हिंदू गावांनी त्यांचा शनिवार कधी मोडला नाही, हे आपण अभिमानाने सांगतो आणि ते खरे आहे. मात्र या शेजाऱ्याची आपण फक्त शनिवारचीच दखल घेतली. त्याच्या वर्षातला सर्वांत मोठा दिवस आपल्याला ठाऊकही नव्हता.

तो दिवस म्हणजे योम किप्पूर. बेने इस्रायलांनी त्याला मराठीच नाव दिले होते: दरफाळणीचा सण, म्हणजे दारे मिटण्याचा सण. पांढरी वस्त्रे नेसून, कडक उपास धरून त्या दिवशी घराची दारे लावून घेतली जात. बाहेरच्या माणसाशी व्यवहार नसे. ज्यू परंपरेत या दिवसाच्या अखेरच्या प्रार्थनेचे नावच 'नइला', म्हणजे द्वार मिटणे असे आहे. मूळ भाषा विसरलेल्या समाजाने सणाचे मर्म मात्र एका शब्दात जपून ठेवावे, याचे नवल वाटते. त्याच्या दुसऱ्या दिवसाला 'शिळा सण' म्हणत. त्या दिवशी दारे उघडत, दानधर्म होई आणि लोक इष्टमित्रांच्या भेटीला निघत. हाइम सॅम्युएल किहीमकर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आपल्या समाजाचा इतिहास लिहिला. त्यात या सणांची मराठी नावे जपली गेली आहेत.

दारे मिटण्याआधी करायचे एक काम ज्यू धर्मशास्त्राने सांगितले आहे. इसवी सन २०० च्या सुमारास संकलित झालेल्या 'मिश्ना' या ग्रंथाचा दंडक असा, की माणूस आणि देव यांच्यातील अपराधाचे क्षालन त्या पवित्र दिवसाने होते. पण माणूस आणि माणूस यांच्यातील अपराधाचे क्षालन तो दिवसही करू शकत नाही. ज्याचे वाईट केले, त्याच्याकडे जाऊन त्याचे समाधान केल्याखेरीज उपास, प्रार्थना, अश्रू काहीही उपयोगी पडत नाही. म्हणून नववर्षापासून योम किप्पूरपर्यंतच्या दहा दिवसांत ज्यू माणूस मित्रांकडे, भावंडांकडे, सहकाऱ्यांकडे जातो आणि वर्षभरातल्या चुकीची क्षमा मागतो. देवाने येथे स्वतःच्या अधिकाराला मर्यादा घालून घेतली आहे. दुसऱ्याच्या वतीने तो क्षमा करीत नाही.

बाराव्या शतकातील थोर ज्यू शास्त्रकार मैमोनिदीस यांनी या दंडकाचा तपशील लावून दिला आणि तो मोठा व्यवहारी आहे. शेजाऱ्याचे नुकसान केले असेल, तर आधी भरपाई करावी. पण भरपाई दिली म्हणजे काम संपले, असे नाही. त्यानंतरही जाऊन क्षमा मागायची आहेच. पहिल्या भेटीत त्याने नकार दिला, तर तीन मित्र सोबत घेऊन जावे. पुन्हा नकार, तर पुन्हा जावे. तीन वेळा असे करूनही तो ऐकेना, तर त्याला सोडून द्यावे. मग दोष न मानणाऱ्याचा. मात्र दुखावलेला माणूस गुरू असेल, तर हजार वेळाही जावे. आणि तो मरण पावला असेल तर? तर दहा माणसे घेऊन त्याच्या थडग्यापाशी जावे आणि त्यांच्यासमक्ष आपला अपराध उच्चारावा.

यातली पहिली अट आपल्याकडच्या प्रत्येक वकिलाने आणि प्रत्येक पक्षकाराने वाचावी अशी आहे. न्यायालय गडगा कोठे असावा, हे सांगू शकते. सातबाऱ्यावर कोणाचे नाव चढावे, हे सांगू शकते. पण थोरल्या भावाच्या तेराव्याला धाकटा आला नाही, याचा निकाल कोणते न्यायालय देणार? दावा जिंकून घरी आलेली माणसे वर्षानुवर्षे अस्वस्थ राहतात, त्याचे कारण येथे आहे. जमीन मिळालेली असते. माणूस मिळालेला नसतो.

तालमूदमध्ये रव नावाच्या पंडिताची हकिकत आहे. रबाई हनिना यांचा त्यांच्याकडून अवमान झाला. रव योम किप्पूरच्या पूर्वसंध्येला त्यांच्याकडे क्षमा मागायला गेले. ती मिळाली नाही. पुढच्या वर्षी पुन्हा गेले. असे तेरा वर्षे गेले. तीन वेळांचा नियम त्यांना माहीत नव्हता, असे नाही. त्याच परंपरेत रबाई झेरा यांचीही आठवण सांगतात. कोणी त्यांना दुखावले, की ते आपण होऊन त्या माणसाच्या नजरेसमोरून येजा करीत. त्याला क्षमा मागायची इच्छा झाली, तर वाट सापडावी म्हणून. अपराध्याने यावे, अशी वाट पाहत ताठ बसणारे आपल्याकडे घरोघर आहेत. त्याला येणे सोपे व्हावे म्हणून त्याच्या अंगणासमोरून दोन फेऱ्या मारणारा मात्र विरळा.

आपल्या परंपरेत हे नाही काय? आहे, पण ते विखुरलेले आहे. प्रत्येक पूजेच्या शेवटी क्षमायाचना आहे, ती देवापाशी. संक्रांतीचा तिळगूळ आहे, त्यात गोड बोलण्याचे आश्वासन आहे. पण गेल्या वर्षी काय कडू बोललो, याचा उच्चार नाही. आपल्या जैन बांधवांनी हे सर्वांत नेटकेपणाने जपले. पर्युषणाच्या अखेरीस 'मिच्छामि दुक्कडम्' म्हणत ते लहानथोरांची क्षमा मागतात. अलीकडे त्याचाही भ्रमणध्वनीवरचा ठोक संदेश झाला आहे आणि ज्याचे खरोखर वाईट केले, त्याला तो दोनशे नावांच्या यादीतून जातो, हे खेदाने नमूद करावे लागते. ज्यूंच्याही बाबतीत असा ठोक कारभार होत नसेल, असे मानण्याचे कारण नाही.

आणि दंडक असला म्हणजे तो पाळला जातो, असेही नाही. कोकणातल्या बेने इस्रायलांतच 'गोरे' आणि 'काळे' असा भेद होता आणि त्यांच्यात बेटीव्यवहार होत नसे. १९४८ नंतर यांतले हजारो लोक इस्रायलला गेले. तेथे १९६२ मध्ये धर्मपीठाने त्यांच्या विवाहांबाबत वंशावळीची चौकशी करण्याचे निर्देश काढले. ज्यांनी दोन हजार वर्षांच्या स्मृतीवर शनिवार पाळला, त्यांच्याच ज्यूपणाविषयी शंका! कोकणातून गेलेल्या या माणसांनी निदर्शने केली, धरणे धरले. अखेर ऑगस्ट १९६४ मध्ये इस्रायलच्या संसदेने ते सर्वार्थाने ज्यू असल्याचा निर्वाळा दिला आणि निर्देशांतला त्यांचा नामोल्लेख वगळला गेला. नियम सुधारला. पण नियम सुधारणे आणि दारी जाऊन 'आमचे चुकले' म्हणणे, यांत अंतर आहे, हे मैमोनिदीस यांच्याच शिष्यपरंपरेला सांगावे लागावे!

हे अंतर आपल्यालाही चुकलेले नाही. रत्नागिरीत १९३१ मध्ये स्वातंत्र्यवीर सावरकरांच्या प्रेरणेने आणि भागोजीशेठ कीर यांच्या औदार्याने पतितपावन मंदिर उभे राहिले आणि सर्व हिंदूंना गाभाऱ्यापर्यंतचा मार्ग मोकळा झाला. ती क्रांतीच होती. परंतु दार उघडणे निराळे आणि ज्याच्यासाठी ते पिढ्यान् पिढ्या बंद होते, त्याच्या उंबऱ्यावर जाऊन चूक कबूल करणे निराळे. पहिले काम एका मंदिराने करून दाखवले. दुसरे कोणत्याही मंदिराचे नव्हे. ते घराघराचे आहे, आणि किती घरांनी ते केले, हे प्रत्येकाने आपल्या आजोबा-पणजोबांचे गाव आठवून स्वतःशीच पाहावे. समरसतेच्या सहभोजनात शेजारी पंगतीला बसणे सोपे असते. तेथे कोणाला काही बोलावे लागत नाही.

एक योगायोग सांगण्यासारखा आहे. ज्यूंची कालगणना आपल्यासारखीच चांद्र-सौर. त्यांच्याकडेही अधिक महिना येतो, एकोणीस वर्षांत सात वेळा. योम किप्पूर हा तिश्री महिन्याचा दहावा दिवस आणि विजयादशमी ही आश्विन शुद्ध दशमी. दोन्हीकडचे अधिक महिने जुळले, की हे दिवस एकमेकांना येऊन भिडतात. २०२४ साली १२ ऑक्टोबरला तसे झाले आणि २०२५ साली २ ऑक्टोबरला पुन्हा झाले. कोकणातला शनवार तेली दार लावून उपाशी बसलेला आणि त्याच सायंकाळी त्याच्या अंगणावरून आपट्याची पाने घेऊन गाव सोने वाटायला निघालेला, असे किती दसरे अलिबाग-पेणच्या वाड्यांनी पाहिले असतील!

सोने आपण सर्वांना देतो, असे म्हणतो. प्रत्यक्षात ज्यांच्याशी बरे आहे त्यांनाच देतो. थोरांच्या पाया पडतो, मित्रांना मिठी मारतो आणि गडग्यापलीकडच्या घराकडे न पाहता पुढे जातो.

अलिबागच्या इस्रायल आळीत आज सिनेगॉग आहे, पण ज्यू कुटुंबे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत. प्रार्थना संपल्यावर 'हातबोशी' करण्याची या समाजाची रीत होती: एकाने हात पुढे करायचे, दुसऱ्याने ते आपल्या दोन्ही हातांत घ्यायचे आणि मग ज्याने त्याने आपली बोटे ओठांना लावायची. वडीलधाऱ्यांपासून सुरू होऊन ती साऱ्या मंडळींत फिरे. लोद, अश्दोद, बीरशेबा येथे गेलेली माणसे अजून मराठी बोलतात, 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिकही त्यांनी चालवले. नवगावला पूर्वजांच्या थडग्यांच्या जागी स्मारक आहे. शेजारी गेला, त्याच्या घराला कुलूप लागले, की क्षमा मागायला उरते ती हीच जागा, आणि तीही दहा माणसे गोळा झाली तर.

संगमेश्वराच्या गावांतही आता कुलपे वाढली आहेत. धाकटी पाती मुंबईला, थोरली ओटीवर एकटी. शिमग्याला ग्रामदेवतेची पालखी निघते, ती गावातल्या प्रत्येक घरी जाते. गडग्याच्या या अंगणातही बसते आणि त्या अंगणातही. खांदेकरी बदलतात, ढोल वाजत राहतो. त्या दिवशी मुंबईहून आलेला धाकटाही घरात असतो, थोरलाही असतो, आणि पालखी एका दारातून निघून दुसऱ्या दारात पोहोचायला चार-दोन मिनिटेच लागतात.