कात्री कोणाच्या हाती?

बाईने केस आखूड कापले, की आमच्या खानदेशात अजूनही संस्कृतीला सुतक येते. जळगावचे लग्न असो की धुळ्याचे बारसे, बॉबकट केलेली एखादी सून दिसली, की सतरंजीवरच्या काकू एकमेकींना कोपराने ढोसतात आणि पुरुषमंडळी सुपारी कातरता कातरता परंपरेची चिंता वाहू लागतात. ह्या चिंतातुर मंडळींना मला आज दोन शब्द सुनवायचे आहेत.

बाईच्या केसांचे पावित्र्य तुम्ही सांगता कोणाला? नवरा गेलेल्या पोरसवदा मुलीला वस्तऱ्यापुढे बसवून, आलवण नेसवून, त्यालाच धर्म म्हणणाऱ्यांचे आपण वारस. तेव्हा केस काढणे हा धर्म होता. आता न कापणे हा धर्म! १८९० साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईचे न्हावी एकत्र जमले आणि विधवांच्या डोक्याला वस्तरा लावायचा नाही, असे त्यांनी ठरवले. शास्त्रीपंडितांना जे सुचले नाही, ते न्हाव्यांना सुचले. भांडण केसांच्या लांबीचे नव्हतेच मुळी. वस्तरा कोणाच्या हुकमाने चालतो, हे ते भांडण होते. कात्रीचेही तेच आहे. ज्यांना केस राखायचे, त्यांनी खुशाल राखावेत. माझी आई पंचाहत्तरीतही अंबाडा घालते आणि तो तिला शोभतो.

कोणी म्हणेल, ही शहरी थेरं. जरा हिशेब करा. उन्हाळ्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. कमरेइतके केस धुवायचे तर पाणी जास्त, वेळ जास्त, आणि विंचरायला पुन्हा दुसरे माणूस. स्वयंपाक उरकून आठची बस गाठणारी बाई हे सारे कोठून आणणार?

आणि जिला कापायचेत, तिलाही माझे सांगणे आहे. सिनेमातल्या नटीचे चित्र घेऊन जाऊ नये. एका हुकमातून सुटून दुसऱ्यात अडकायचे कशाला? आरशात आपला चेहरा पाहावा. जबडा रुंद असेल, तर केस नेमके जबड्याशी संपवू नयेत. हनुवटीखाली दोन बोटे न्यावेत. कुरळे केस वाळले की वर चढतात, म्हणून ते थोडे लांबच ठेवायला सांगावे. कपाळावरचा आणि मानेवरचा भोवरा कापणाऱ्याला आधीच दाखवावा. भोवऱ्याशी भांडून कोणी जिंकलेले नाही. केस महिन्याला साधारण अर्धा इंच वाढतात. सहा-आठ आठवड्यांनी कडा नीट करून घेतल्या नाहीत, तर घाट बिघडतो. आखूड केसांना आळस म्हणणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावे.

एके काळी मुलगी पाहायला आलेली मंडळी वेणी सोडून केसांची लांबी पाहत. आता वेणी सोडत नाहीत, "लग्नानंतर केस वाढवशील ना?" एवढेच गोड आवाजात विचारतात. धुळ्यात माझ्या भाचीला एका स्थळाने हेच विचारले. ती म्हणाली, "तुमचे चिरंजीव मिशी काढतील का?" स्थळ मोडले. वहिनी हळहळल्या. मला मात्र आनंदच झाला. उंबरठा ओलांडण्याआधीच जे घर डोक्यावर हक्क सांगते, ते पुढे कशाकशावर सांगणार नाही?

खानदेशातल्या आयांनो, पुढल्या खेपेला असा प्रश्न आला, तर चहाचा ट्रे खाली ठेवा आणि उत्तर मुलीला देऊ द्या.