समुपदेशक व्हा, कर्मविपाकाचे दलाल होऊ नका!

आमची मुलं-मुली आता समुपदेशनाचे कोर्स करू लागली आहेत, याचा आम्हाला आनंदच आहे. पण मानसशास्त्राच्या नावाखाली अध्यात्म विकणाऱ्या वर्गांना आमचा थेट विरोध आहे. तिथे काय शिकवतात? दुःख तुमच्याच विचारांत आहे, मागच्या जन्माच्या कर्मात आहे. क्षमा करा, सोडून द्या!

मग २०१६ मध्ये रोहित वेमुला आणि २०१९ मध्ये डॉ. पायल तडवी आपल्यातून गेले, ते काय 'निगेटिव्ह' विचारांमुळे? जातीवरून रोज अपमान सोसणाऱ्याला क्षमेचे धडे देणे म्हणजे अपमान करणाऱ्याला मोकळे सोडणे.

'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी मनाला केंद्रस्थानी ठेवले, पण आत्मा नाकारला. मागच्या जन्माचे कर्म या जन्मी भोगावे लागते, हेही नाकारले. धम्म मुळातच सामाजिक आहे, असे त्यांनी ठणकावून सांगितले. आम्हाला मनाचा अभ्यास हवा आहे, तो या पायावर.

मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ चे कलम १८ जातिभेदाशिवाय उपचार मिळण्याचा हक्क देते. तो वस्तीवस्तीत सांगा. मानसशास्त्र नीट शिका, पदवी घ्या, ध्यानही करा. पण समोर बसलेल्याला 'तुझं काय चुकलं?' विचारण्याआधी 'तुला त्रास कोण देतंय?' हे विचारा. त्याची तयारी असेल, तर अट्रॉसिटीची तक्रार द्यायला सोबत जा. आमच्या लेखी तेही समुपदेशनच आहे.

जय भीम!